देवराव गुरुजींचे दोन हेक्टर दोन आर

आमच्या गल्लीत ताप सगळ्यांना शंभर, एकशे एक, फारच झालं तर एकशे तीन असा येतो. देवराव गुरुजींना मात्र उभ्या आयुष्यात कधी चाळीसच्या वर ताप आला नाही. मी नर्स. अकोटच्या दवाखान्यात नोकरी, आणि गुरुजींच्या भिंतीला भिंत लागून घर. ड्युटी संपवून, सुजलेले पाय ओढत मी घरी आले की ओट्यावर गुरुजी घोंगडी पांघरून बसलेले असायचे.

"सिस्टर, अडतीस पॉइंट तीन."

"म्हणजे किती, गुरुजी?"

"म्हणजे अडतीस पॉइंट तीन."

यापुढे एक अक्षर ते सांगत नसत. मग मी दमलेल्या डोक्याने गुणाकार करायचा, भागाकार करायचा, त्यात बत्तीस मिळवायचे. एखाद दिवशी बत्तीस मिळवायला विसरले की गुरुजी थेट गार पडलेले निघायचे, आणि समोर तर चांगले बोलत बसलेले असायचे.

याचं मूळ फार जुनं. देशात नवी मापं आली तेव्हा गुरुजी विशी-बाविशीचे, नुकतेच मास्तर झालेले. लोकांना शेर, मण, वार सोडून किलो आणि मीटर शिकवायची मोहीम निघाली, तिच्यात यांना धाडलं. आठवडी बाजारात एका हातात मीटरपट्टी, दुसऱ्या हातात भोंगा घेऊन हे ओरडत फिरायचे. पुढे मोहीम संपली, भोंगा परत गेला, साहेब लोक बदलून गेले. मोहीम संपल्याचं गुरुजींना मात्र कोणी कळवलं नसावं. मास्तरकीतून निवृत्त झाले तरी त्यांचा प्रचार चालूच होता.

"काही कठीण नाही त्याच्यात," ते भाजीवालीलाही सांगत. "पॉइंट सरकवाचा अन् मोकळं व्हाचं."

भाजीवाली म्हणायची, "गुरुजी, तुमीच आदी मोकळे व्हा, मांगं गिऱ्हाईक उभं हाय."

'पावशेर' म्हटलं की ते कानांवर हात ठेवत. माझ्या सासूबाई नऊवारी नेसायच्या. त्या लुगड्याला गुरुजी 'आठ मीटर तेवीस सेंटिमीटर' म्हणत. सासूबाईंनी एकदा विचारलंही, "गुरुजी, तुमचं हे आठ मीटर तेवीस नेसाचं कसं? तेवढं सांगा." रहीमभाईंच्या कापडाच्या दुकानात तर गुरुजी रोज पाहणीला गेल्यासारखे जायचे. रहीमभाई हात जोडून म्हणत, "गुरुजी, हम तो कब के मीटर पे आ गये. ये औरतें नहीं आतीं, तो मैं क्या करूँ?" गुरुजी म्हणत, "येतील. टाईम लागते." चाळीसेक वर्षं टाईम लागतच होता, पण त्यांचा धीर सुटला नव्हता.

घरात माणसं दोनच. गुरुजी आणि त्यांचा पुतण्या प्रमोद. प्रमोदचे आईवडील लवकर गेले. गुरुजींची बायकोही गेलेली, पोटी मूलबाळ नाही. त्यामुळे दोन पुरुष एका स्टोव्हवर काहीतरी शिजवत आणि ते जे काही होईल ते न बोलता खात. प्रमोद शेती करायचा. पाच एकर काळं वावर, दोन बैल, तोंडात शिवी नाही, सुपारीचंही व्यसन नाही. तिशीला आला होता आणि लग्न जमत नव्हतं.

ती वर्षंच तशी होती. कापसाने सगळ्यांना दमवून सोडलं होतं. पाऊस यायचा तर पीक झोपवून जायचा, नाही तर तोंडच दाखवायचा नाही. प्रत्येक गल्लीत एक-दोन तिशीतली पोरं लग्नाची बसलेली. मुलीचा बाप पहिलं विचारायचा ते, "नोकरी आहे का?" चपराशी चालेल, पण वावरवाला नको. आणि दवाखान्यात आम्ही जे पाहत होतो ते मी इथे फार सांगत नाही. शेतात फवारायचं औषध पोटात गेलेली पोरं यायची. बहुतेक प्रमोदच्याच वयाची. अशा दिवशी मी घरी आले की आधी शेजारी डोकावून प्रमोद दिसतो का ते बघायची.

पहिलं स्थळ बघायला तो त्याच्या मामाबरोबर दर्यापूरला गेला होता. तिथे त्याला तोंडावर सांगितलं, पोरगा म्हणून तू चांगला, पण शेतकऱ्याला आम्ही मुलगी देत नाही. परत आला तो ओट्यावर बसून राहिला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वावरात गेला तर अंधार पडेपर्यंत धुऱ्याच्या बांधावर नुसता बसून. गुरुजी दोनदा त्याला आणायला गेले. त्यानंतर मात्र त्यांनी हट्टच धरला, "पोरगी पाहाले मीही येतो." सोबत बाईमाणूस असावं म्हणून मलाही ओढलं. अशी आमची तिघांची वरात एसटीतून फिरू लागली.

आणि गुरुजी हेक्टर बोलू लागले.

नांदगाव खंडेश्वरला चहा-पोहे झाले. मुलीच्या आजीने विचारलं, "वावर किती हाय जी?"

"दोन हेक्टर दोन आर," गुरुजी म्हणाले.

"दोनच?" आजीचा चेहरा पडला. "दोनात काय होते?"

"आजी, पाच एकर हाय, पाच!" प्रमोद घाईघाईने म्हणाला. पण गुरुजी एव्हाना उठून अंगणात काडीने चौकोन आखायला बसले होते. शंभर मीटर इकडून, शंभर मीटर तिकडून. पोहे देणारी मुलगी दारातून बघत होती, तिला हसू आवरत नव्हतं. चार दिवसांनी निरोप आला, योग नाही. अकोल्याच्या स्थळीही तेच. तिथे तर उंची विचारली तेव्हाही 'एकशे अडुसष्ट' सांगून टाकलं, आणि मुलीच्या आत्याने प्रमोदकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

प्रमोद चिडायचा. घरी आला की भांडी आपटायचा. "काका, माह्या लग्नाचं तुमी वाटोळं करून राहिले!" असं ओरडत ताटात भाकरी वाढून घ्यायचा आणि ओरडत ओरडतच ती संपवायचा. गल्लीने तर विषयच धरला. रहीमभाईंच्या दुकानात पोरं म्हणायची, प्रमोदची नवरी मीटरपट्टीत अडकली. मीही गुरुजींना बोलले. आठवडाभर पेशंट पाहून रविवारचा आराम सोडून एसटीत धक्के खायचे आणि या माणसाच्या एका हट्टापायी रिकाम्या हाताने परत यायचं, याचा मला खरंच वीट आला होता.

मग तिवशाचं स्थळ आलं. मुलगी बारावी झालेली, शिवणकाम जाणणारी. वडील शाळेत कारकून. मी गुरुजींना समोर बसवलं.

"म्हणा, पाच एकर."

"सिस्टर, दोन हेक्टर..."

"गुरुजी!"

"पाच एकर," ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून म्हणाले. दर्यापुरात गाडी थांबली तेव्हा एकदा आणि अमरावतीला गाडी बदलताना एकदा मी त्यांच्याकडून ते घोकून घेतलं.

तिवशात त्यांनी शब्द पाळला. वावर किती, असं विचारल्यावर क्षणभर घसा खाकरला आणि स्वच्छ म्हणाले, "पाच एकर. काळी जमीन. धुऱ्यावर निंब हाय." उंची पाच फूट सहा इंच. मुलगी समोर आली, प्रमोदने तिला शिवणकामाचं काहीतरी विचारलं, तिने नीट उत्तर दिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी बरं दिसलं. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी गुरुजींना आणि मला मागच्या अंगणात बोलावलं. धुण्याच्या दगडापाशी उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. मान वर करून बोलत नव्हता.

"पोरगा सोन्यासारखा हाय, गुरुजी. पर मी सोता वावरातून निघून इथं आलो. माह्या बापानं काय भोगलं ते मले मालूम हाय. पाच एकर असो का पन्नास, वावरात पोरगी नाही देत मी. पोराच्या तोंडावर सांगाची माही हिंमत नाही होत. तुमीच सांगा त्याले."

"सांगतो," गुरुजी म्हणाले. "तुमचंही काही चुकत नाही."

प्रमोद पुढे जाऊन स्टँडवर उभा होता. आम्हाला पाहताच पुढे आला. त्याने नवा शर्ट घातला होता, दुकानातली घडी अजून त्यावर दिसत होती.

"काय म्हणले?"

गुरुजींनी खाली मान घातली. "बिनसलं रे. मांगं नेलं ना त्यायनं आमाले, पुन्हा वावराचं विचारलं. माह्या तोंडून निघून गेलं. दोन हेक्टर दोन आर."

मी तोंड उघडलं होतं. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

"काका!" प्रमोद असा ओरडला की स्टँडवरचे लोक वळून पाहू लागले. "एक दिवस! एक दिवस तुमाले तोंड आवरता नाही आलं? सांगाले काय झालतं पाच एकर?"

"चुकलं."

"चुकलं म्हणते! कावून आणतो मी तुमाले? मीच येडा हाय!"

गाडीत तो बोलतच होता. अमरावतीला उतरलो तेव्हाही बोलतच होता. बोलता बोलता त्याने गाड्यावरून गरम भजी घेतली, रागाने निम्मी काकांच्या हातात कोंबली, स्वतःची खाल्ली, वर दोन मिरच्या मागून घेतल्या आणि अकोटची गाडी लागली का ते बघायला तरातरा निघून गेला.

आम्ही दोघं बाकावर उरलो. माझं डोकं आता कुठे चालायला लागलं होतं.

"गुरुजी, नांदगावले?"

"आपण हातपाय धुवून राहिलो होतो ना, तवाच पोरीच्या काकानं मले बाजूले घेऊन सांगतलं होतं. चहाच्या आधीच."

"अन् अकोल्याले?"

त्यांनी होकाराची मान हलवली. भजी तशीच हातात होती.

"सारं गाव हसते तुमाले, गुरुजी. मीही किती बोलली."

"मले हसते ना. त्याले तर नाही हसत." थोडा वेळ ते स्टँडवरच्या गर्दीत प्रमोदचा शर्ट शोधत राहिले. "दर्यापूरवरून आला तवा दोन दिवस जेवला नव्हता, सिस्टर. तुमी पाहलं. मले भेव वाटलं होतं. चिडला म्हणजे जेवते तो."

मी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. दवाखान्यात इतकी वर्षं काढली, मला पटकन रडू येत नाही. त्या दिवशी आलं.

"चाला ना आता!" गाडीच्या खिडकीतून प्रमोद ओरडला. त्याने आम्हा दोघांसाठी जागा धरली होती. गुरुजी लगबगीने उठले. काकांना खिडकीशी बसवून तो शेजारी बसला, मी पुढच्या बाकावर. दर्यापूर येईस्तोवर मागून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. त्यात कितीतरी जुने हिशेब होते, लहानपणच्या मारापासूनचे. गुरुजी मध्ये मध्ये "हो" म्हणत होते.

दर्यापूर मागे पडलं आणि त्याचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. प्रमोद समोरच्या दांडीवर हात ठेवून कुठेही बघत नव्हता. चेहरा अगदी उतरून गेला होता. गुरुजींनीही ते पाहिलं. त्यांनी जरा वाट पाहिली, घसा साफ केला आणि म्हणाले, "पर प्रमोद, काही म्हण, हेक्टर सोपा पडते हिशेबाले."

"काका, गप बसता का नाही तुमी!" तो जो उसळला तो थेट अकोट येईपर्यंत.