बूटा गसांतची बोबोटी

बो-काप वस्तीत शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करायचं नाही, हा नियम. रमजान लागल्यापासून रोज संध्याकाळी बूटा, म्हणजे गल्लीचे दादा, गसांत यांच्याकडे कुणाचं ना कुणाचं भरलेलं ताट यायचं. बायको, गालिमा, जाऊन सात महिने झाले होते. बूटा ताट धुवायचे, त्यात दुकानची बिस्किटं ठेवायचे आणि परत करायला जायचे. "शुक्रान, बूटा!" की दार बंद. 'या, बसा' कुणी म्हणत नसे. भरल्या गल्लीत म्हातारा एकटाच खजूर तोंडात टाकून रोजा सोडायचा.

त्या गुरुवारी त्यांनी ठरवलं, आज गालिमाची खिम्याची बोबोटी करायची. वासावरच लोक म्हणतील, 'इथेच रोजा सोडा!' (चाळीस वर्षं कोट शिवलेल्या माणसाला खिमा तो काय अवघड? हे अर्थात बूटांचं मत.)

खिमा परतला. दुधात भिजवलेला पाव, मसाला, मनुका, जर्दाळूचा जॅम पडला. पण मीठ? घातलं की नाही, काही केल्या आठवेना. चाखावं तर रोजा! गालिमा नुसत्या वासावर सांगायची. बूटांनीही वास घेतला. काही कळेना, म्हणून मूठभर घातलं. वर अंडं-दूध ओतून भांडं ओव्हनमध्ये ढकललं.

चार ताटं, चार दारं.

"अगंबाई, तुम्ही केलंत? माशाल्ला!" शेजारची मैमूना म्हणाली. "जाते हं बूटा, तेल तापलंय!"

बाकी तिघींचंही तेल तापलेलंच होतं.

बांग झाली. घरी बूटांनी पहिला घास घेतला आणि अख्खा समुद्र तोंडात आला. अरे देवा! आता चारही घरं भांडायला येणार. त्यांनी लगबगीने दुसरी खुर्ची पुसून ठेवली. भांडणारा माणूस निदान बसतो तरी! पण कुणीच आलं नाही. फार एकटं वाटलं त्यांना. गालिमा असती तर एव्हाना त्या मिठावरून सगळ्या गल्लीने तिचा आवाज ऐकला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैमूना भजी घेऊन आली.

"काय झाली होती बोबोटी, बूटा! पोरांनी बोटं चाटली."

"मीठ?"

"अगदी बेताचं!"

"मग बस ना गं जरा."

"नको, तेल तापलंय. आणि ते ताट परत करायच्या फंदात पडू नका हं, टाकूनच द्या."

बूटांनी खाली पाहिलं. ताट कागदाचं होतं.

रोजा सुटायच्या आत उरलेल्या तिन्ही घरांची ताटं आली. तीही कागदाचीच.