अठ्ठावन्न हरकती

अर्ज लिहावा तर सुभाष धुरीनेच, असं आमची अख्खी सोसायटी म्हणते. म्हणजे त्या मंगळवारपर्यंत म्हणत होती!

सुभाष धुरी म्हणजे मीच. तुर्भ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला चौतीस वर्षं काढली आणि त्यात अर्ध्या कामगारांचे अर्ज मीच लिहिले. एकाचा रजेचा अर्ज तर मी इतका काळजाला भिडणारा लिहिला की साहेबांनी रजा दिलीच, वर फळं घेऊन त्याच्या आजारी आजीला बघायला गेले! आजी वारून दहा वर्षं झाली होती, तो भाग वेगळा.

तर एके सकाळी आमच्या समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पालिकेचा फलक उभा राहिला. 'नियोजित परवडणारी घरे, संख्या चारशे. नागरिकांनी पंधरा दिवसांत अभिप्राय नोंदवावेत.' दहा मिनिटांत आमच्या 'स्नेहदीप' सोसायटीची तातडीची मीटिंग जिन्याखाली भरली.

आमचे चेअरमन हौसेराव शेळके. वाशीच्या घाऊक बाजारात ते मापाडी होते. कांद्याची वजनं ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झालाय की कानात सांगितलेलं गुपित तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं!

"चारशे घरं!" ते गरजले. "म्हंजे दोन हजार माणसं! आपला प्लॉट जाणार!"

आपला प्लॉट. आता कागदोपत्री तो आमचा कधीच नव्हता, पण पंच्याऐंशी साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून आमचं निम्मं आयुष्य तिथेच गेलंय. तेव्हा इथे दिवे नव्हते, बस होती ती तासाला एक, आणि संध्याकाळी खाडीकडून कोल्हे ओरडायचे. गॅलरीत कंदील टांगून आम्ही बायकापोरांना 'वारा किती छान येतो' म्हणून धीर द्यायचो. त्या प्लॉटवरचे दगड आम्ही चौसष्ट घरांनी तीन रविवार वेचले, तेव्हा कुठे पोरांना खेळायला जागा झाली. माझा प्रसाद तिथेच सायकल शिकला. कोजागिरीला दूध तिथेच आटायचं, आणि एकदा हौसेरावांनी ढवळता ढवळता स्वतःची चप्पल त्यात पाडली होती. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी दूध प्यायलं. असा शेजार होता!

"धुरी, तुम्ही बघा," हौसेराव म्हणाले.

"टेन्शन घेऊ नका," मी म्हणालो. "असा अर्ज लिहितो की पालिका फलक काढून आपल्याला सॉरी म्हणेल!"

दुसऱ्या दिवशी मी वॉर्ड ऑफिसात गेलो. खिडकीत फॉर्मचे दोन गठ्ठे होते, एक पांढरा, एक पिवळा. चष्मा मी घरी विसरलो होतो, पण तसं सांगणं मला कमीपणाचं वाटलं.

"त्या नव्या घरांचा फॉर्म द्या," मी ऐटीत म्हणालो.

"किती?"

"चौसष्ट!"

खिडकीतल्या माणसाने मान वर केली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पांढरे चौसष्ट मोजून दिले. "नीट वाचून भरा हां, काका," एवढंही तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहून फक्त हसलो. मला शिकवतोय!

संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर उभं राहून मी सगळ्यांना मजकूर सांगितला. "फॉर्म वाचत बसू नका, मी बघितलाय! तिसऱ्या नंबरला 'अडचणी' असा रकाना आहे. तिथे लिहा: गर्दी. पाणी अपुरे. पार्किंगला जागा नाही. म्हाताऱ्यांना चालायला जागा नाही. खाली सही!"

सहा घरं बंद होती. उरलेले अठ्ठावन्न फॉर्म तासाभरात भरून झाले. आमच्या घराचा मी आधीच, जरा जास्त काळजाला भिडेल अशा शब्दांत, भरून ठेवला होता.

आमच्या सौभाग्यवती वैशालीने तेवढा घोळ घातला. चष्मा लावून एक शिल्लक फॉर्म घेऊन ती अर्धा तास टेबलाशी बसली.

"अगं, एवढं काय वाचतेस?"

तिने मान वर केली तर डोळ्यांत पाणी! "अहो, तुम्ही हे खरंच करताय?"

"करतोय म्हणजे? जीव ओतून करतोय!"

त्या संध्याकाळी काही कारण नसताना तिने शिरा केला. माझं नेतृत्व बायकोलाही पटलं, असं समजून मी दोनदा घेतला. सकाळी तिनेच बांधून दिलेला फॉर्मचा गठ्ठा मी वॉर्ड ऑफिसात देऊन आलो.

चार दिवसांनी दारात एक मुलगी उभी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "मी संघप्रिया, पालिकेकडून आलेय. तुमच्या सोसायटीचे फॉर्म मिळाले, म्हणून पाहणीला."

मी खूश! आमच्या हरकतींची एवढ्या झटपट दखल!

"किती खोल्या, काका?"

"दोन! आता तुम्हीच सांगा, जागा आहे का इथे?"

"खरंच नाहीये," तिने टिपलं. "पाणी?"

"दोन तास. उद्या आणखी माणसं वाढली तर आम्ही काय करायचं?"

"माणसं वाढणार आहेत?"

"वाढणारच! दोन हजार!"

ती जरा थबकली. मग बहुधा म्हाताऱ्याच्या बोलण्यात इकडचं तिकडे होतंय असं समजून तिने ते सोडून दिलं. "फार सोसलंत तुम्ही," ती इतक्या हळवेपणाने म्हणाली की मी तिला पंच्याऐंशी सालचे कोल्हेसुद्धा सांगून टाकले. तिने तेही लिहून घेतलं!

मंगळवारी दुपारी समाजमंदिरात सुनावणी होती. पहिल्या दोन रांगा आमच्या. मागे जुन्या गावातली मंडळी बसली होती, त्यांत पुतळामावशीही होत्या. आमच्या बिल्डिंगी जिथे उभ्या आहेत तिथे एके काळी त्यांचं भाताचं शेत होतं.

व्यासपीठावर अधिकाऱ्यांच्या शेजारी संघप्रिया होती. तिने माईक घेतला. "घरांसाठी सर्वात जास्त मागणी स्नेहदीप सोसायटीतून आलीये. एकोणसाठ अर्ज!"

"अठ्ठावन्न!" मी सवयीने चूक दुरुस्त केली. मग 'मागणी' हा शब्द डोक्यात शिरला.

हौसेराव उठले. त्यांना माईकची गरज नव्हती. "मागणी कसली? आम्ही हरकत घेतलीय, हरकत!"

"हरकतीचा फॉर्म पिवळा असतो, काका. हा पांढरा, घर हवंय त्यांचा." तिने गठ्ठ्यातून त्यांचाच फॉर्म काढून दिला.

हौसेरावांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "घराच्या मागणीचा अर्ज... सध्याच्या घरातील अडचणी... गर्दी. पाणी अपुरे. म्हाताऱ्यांना चालायला जागा नाही." ते थांबले. "सही, हौसेराव शेळके."

पहिल्या दोन रांगांतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कारखान्यात एकदा मी उरणला जायचा कंटेनर नागपूरला पाठवला होता, तेव्हासुद्धा माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं!

आता मागे हटून चालणार नव्हतं. मी उभा राहिलो. "फॉर्म चुकला असेल, मुद्दा चुकलेला नाही! उद्या इथे कुठली कुठली बाहेरची माणसं येतील, आहे ते पाणी संपेल, आमच्या पोराबाळांनी..."

मागून कुणीतरी खळखळून हसलं. पुतळामावशी!

"कोन, धुरी का?" त्या तिथूनच म्हणाल्या. "तुमी आलाव, तवा माझ्या सासऱ्यानं असाच कागद दिला व्हता. बाहेरची मानसं येतील, पानी संपल. ह्येच शब्द! मंग तुमी आठव्या दिवशी हंडा घेऊन आलाव ना माझ्या बावीवं?"

मला ती विहीर दिसली, काठावरचं शेवाळ दिसलं. हातात नवा कोरा हंडा घेऊन, मागावं कसं या लाजेने उभी असलेली तेवीस वर्षांची वैशाली दिसली.

"आलो होतो, मावशी."

"भरला का नाय हंडा?"

"भरलात. तुम्हीच शेंदून दिलंत."

"मंग बसा खाली."

मी बसलो.

अधिकारी समजूतदार होते. म्हणाले, "ज्यांना अर्ज मागे घ्यायचाय त्यांनी टेबलाशी यावं. किंवा तुमच्या मुलाबाळांत, भावंडांत कुणाच्या नावावर घर नसेल, तर तुमच्याऐवजी त्यांचं नाव घाला. आणि हरकत घ्यायची असेल तर पिवळे फॉर्म इथेच आहेत."

मोठी रांग लागली. सगळे मागे घ्यायलाच निघालेत, असं मी समजलो. सर्वात पुढे हौसेराव होते. ते टेबलावर वाकले आणि संघप्रियाच्या कानाशी अगदी हळू कुजबुजले. ते अर्थातच साऱ्या समाजमंदिराला ऐकू गेलं.

"माझ्या धाकट्याचं घाला. केतन. चार वर्षं लग्न लांबतंय पोराचं, घर नाही म्हणून."

कुणीही हसलं नाही. रांगेतलं कुणी नजर वर करीना. मागचा माणूस पुढे झाला आणि त्याने मुलीचं नाव सांगितलं. त्याच्या मागच्याने भावाचं. बारा जणांनी अर्ज मागे घेतले, पिवळे फॉर्म पाच गेले. बाकी सगळ्यांचं कुणी ना कुणी लांब राहत होतं. ज्यांनी त्या प्लॉटवर सायकली पाडल्या, गुडघे फोडले, तीच पोरं!

माझी पाळी आली. "काका, तुमच्या घरातून दोन अर्ज आहेत," संघप्रिया म्हणाली आणि एकोणसाठावा माझ्यापुढे ठेवला.

अक्षर वैशालीचं. अर्जदार: प्रसाद सुभाष धुरी. अडचणी: 'मुलगा, सून आणि नात उरण रोडला भाड्याने राहतात. मुलाची नोकरी ऐरोलीत, जाण्यायेण्यात दिवस जातो. नात रविवारी येते, संध्याकाळी परत जाते. बाकी घर छान आहे.'

वैशाली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"मला काय माहीत तुमचा गोंधळ झालाय? मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा तुम्हाला काहीतरी चांगलं सुचलं!"

माझा अर्ज मागे घ्यायचा तिथेच राहून गेला.

परवा पालिकेची दोन पाकिटं आली. प्रसादचं नाव यादीत घेतलंय. सोडत निघेल तेव्हा निघेल, पण नाव आहे. वैशालीने तो कागद देवापुढे ठेवला, मग काढून पुन्हा वाचला, पुन्हा ठेवला. दुसरं पाकीट माझं. मी मोठ्याने वाचून दाखवलं: "अपात्र. अर्जदाराकडे स्वतःचे पुरेसे घर आहे."

"पुरेसं," वैशाली हळूच म्हणाली. तिने दोन खोल्यांवरून नजर फिरवली, आणि शपथेवर सांगतो, क्षणभर ती पुन्हा तेवीस वर्षांची दिसली. मी सद्गदित होणार, एवढ्यात तिला मागे टाचलेली माझ्या अर्जाची प्रत दिसली. तिने चष्मा लावला.

"घरात राहणाऱ्या व्यक्ती: दोन," ती वाचू लागली. "सध्याच्या घरातील अडचणी: दिवसभर आरडाओरडा. उठल्यापासून कटकट. म्हातारपणी जरा शांतता मिळेल ही आशाच उरलेली नाही." तिने चष्मा काढला. "दोन व्यक्ती. त्यातले एक तुम्ही."

"अगं, ते मी त्या चारशे घरांबद्दल..."

तेव्हापासून मी खाली प्लॉटवर येऊन बसलोय. भर दुपार आहे, वरून जेवायला हाक येण्याचं चिन्ह नाही. मघाशी पुतळामावशी बाजाराची पिशवी घेऊन इथून चालल्या होत्या. मला बघून थांबल्या.

"उन्हाचं हितं का बसलाव, धुरी? घर नाय तुमाला?"