खंदारे अण्णांची बिनटपाची गाडी

आमच्या जिंतूरच्या गल्लीत न्हाणीघराला आतून कडी नसलेलं घर एकच, खंदारे अण्णांचं. कडी होती, पण अण्णांनी पाना आणून स्वतःच्या हातानं ती काढून टाकली. आत कुणी असलं की त्यानं मोठ्यानं गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं, असा त्या घरचा कायदा. एकदा माझ्यावर ती पाळी आली. मला गाणं येत नाही, म्हणून मी जिंतूर ते परभणी सगळे थांबे ओरडून म्हटले. बाहेर आलो आणि चिडून विचारलं, "अण्णा, एका कडीनं तुमचं काय घोडं मारलंय हो?"

अण्णांनी शांतपणे चष्मा पुसला. "आत चक्कर आली अन् कडी उघडली न्हाई तर? हाय का गॅरंटी?"

'हाय का गॅरंटी?' हे त्यांचं दिवसातून वीसदा यायचं. त्यावरून गल्लीनं त्यांचं नावच 'गॅरंटी' ठेवलं होतं. गल्लीनं म्हणजे मीच ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू? मी गित्ते, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं स्टिअरिंग धरलं, एक अपघात नाही. अशा माणसाला शेजारी मिळाला तो असा भित्रा. मी सोडतो होय? डेपोच्या कँटीनमध्ये अण्णांचे किस्से सांगून मी लोकांना हसवून हसवून बेजार करायचो.

गंमत अशी की भूतखेत, अमावस्या, आडवी गेलेली मांजर, यांची अण्णांना फिकीर शून्य. भिंतीवर बुद्धांचा फोटो, डोक्यात सगळा हिशेब स्वच्छ. "भूत नसतंय, डायवर," ते म्हणायचे, "शॉर्टसर्किट असतंय." म्हणून घराचं पुढचं दार दिवसरात्र उघडं, मध्ये हा एवढा दगड लावून. दवाखान्यात लिफ्ट असली तरी चार मजले जिन्यानं. लग्नाला गेले की कार्यालयाच्या आत पाऊल नाही, बाहेर चपलांपाशी खुर्ची टाकून अक्षता तिथूनच. आणि एसटीत तर बसायचंच नाही. येलदरीच्या वीजघरात नोकरी होती, तिथं रोज सायकलवर. भर उन्हात माझी बस त्यांच्या शेजारून जायची, मी मुद्दाम हॉर्न द्यायचो, आणि ते घाम पुसत हात हलवायचे.

या सगळ्यात सुमनवहिनी त्यांच्या बाजूला खाली मान घालून उभ्या असायच्या. मला वाटायचं, नवऱ्याची लाज वाटत असणार बिचारीला.

वहिनींचं माहेर पोखर्णी. तिथं त्यांची आई, नव्वदीला टेकलेली, डोळे पार गेलेले. भावानं व्हिडिओ कॉल लावून दिला की म्हातारी फोनच्या काचेवर बोटं फिरवायची, लेकीचं तोंड चाचपायला. अकरा वर्षं लेक माहेरी गेली नव्हती, कारण जावई गाडीत बसायला भितो. मी एकदा म्हटलं, "मग वहिनींना एकट्यांना पाठवा की!" तर म्हणाले, "एकटीला? हाय का गॅरंटी?" त्या दिवशी मला त्यांचा खरा राग आला. पोखर्णीची माणसं तर त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

मग या दिवाळीनंतर पोखर्णीहून निरोप आला, की म्हातारीनं अन्न कमी केलंय. दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या ओट्यावर येऊन बसले. "डायवर, गाडी घ्यायची म्हणतो."

माझ्या हातातला चहा लेंग्यावर सांडला.

"कोणती?"

त्यांनी मोबाईल पुढं केला. फोटोत पिवळी जर्द, बसकी, चपटी, सिनेमातल्या हिरोनं पळवावी तशी गाडी. सीट दोनच, आणि डोक्यावर काहीच नाही. कापडी टप होता म्हणे, पण तो घडी करून मागं.

"ही रेसची गाडी हाय अण्णा! तुमी सायकलवर उताराला ब्रेक दाबून चालणारे!"

"जुनी हाय. फायबरची बॉडी. नव्या साध्या गाडीच्या निम्म्यात मिळायलीय."

"रिक्षा करा पोखर्णीपर्यंत."

"टप हाय."

"मोटरसायकल?"

"आमच्या घरच्यांची कंबर."

"छोटा टेम्पो, मागून मोकळा."

"माणसाला काय पोत्यावानी न्यायचं का?"

"मग उघडी जीप बघा एखादी..."

"जीपचं नाव काढू नका." हे ते एकदम झटकन बोलले. मग म्हणाले, "तुमी संगं चला. गाडीतलं मला काय कळतंय? इंजिन बघा, ब्रेक बघा. म्हातारी हाय तवर पोचलं पाह्यजे."

गाडी होती संभाजीनगरला, एका दातांच्या डॉक्टरकडं. एसटीत न बसणारे अण्णा या वेळी मुकाट माझ्याबरोबर एसटीत चढले. मी वाटच पाहत होतो, की आता हे दारापाशी बसणार, खिडकी उघडी ठेवणार, मंठ्यापर्यंत दहादा गॅरंटी विचारणार. थंडी होती, सगळ्या खिडक्या बंद, गर्दी मरणाची. अण्णा मधल्या सीटवर दोन जाड्या माणसांच्या मध्ये दबून बसले आणि जालन्यापर्यंत घोरले. मला काही कळेना. पण त्या वेळी मी ते मनावर घेतलं नाही.

डॉक्टर भला माणूस होता. हौसेनं गाडी घेतली आणि वर्षात जुळी झाली. "दोन सीटमध्ये चौघं कसे बसणार हो?" असं म्हणत त्यानं बॉनेटवरून हात फिरवला. मी इंजिन ऐकलं, खाली आडवा होऊन पाहिलं, टायर ठोकले. गाडी खरंच चांगली होती. अण्णांनी प्रश्न एकच विचारला, "टप समदा निघतो का? काढून घरी ठेवता येतो?" डॉक्टर म्हणाला, येतो. अण्णांनी पैसे दिले, कागदांवर सह्या झाल्या, आणि मी ऐटीत स्टिअरिंगवर बसलो.

ऐट जालना रोडला लागेपर्यंत टिकली. एसटीत ड्रायव्हर उंचावर बसतो बाबांनो. ट्रक, ट्रॅक्टर, सगळी दुनिया आपल्या खाली. या गाडीत माझं बूड जवळजवळ डांबराला टेकलेलं. शेजारून ट्रक गेला, तर मला त्याचं चाकच दिसलं फक्त. चाकाचे नट दिसले. त्यातला एक ढिला होता, तोही दिसला. अठ्ठावीस वर्षांत ज्या रस्त्याला मी कधी भ्यालो नाही, तो रस्ता आता मला गिळायला बसला होता. जालना सोडून मंठ्याच्या वाटेला लागलो, आणि समोरून कापसानं फुगलेला ट्रक आला. त्याचा कापूस दोन्हीकडून एवढा बाहेर आलेला, की तो माझ्या डोक्यावरूनच जाणार असं वाटलं. डोक्यावर तर पत्रा नाही! मी डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

दोन्ही हात, म्हणजे स्टिअरिंग मोकळं.

अण्णांनी बाजूनं एका हातानं स्टिअरिंग धरलं, गाडी अलगद कडेला घेतली आणि म्हणाले, "डायवर, ब्रेक दाबा. हं. आता उतरा, इकडं बसा."

"तुमी चालवणार?"

"शिकलोय सहा महिन्यांपासून. परभणीला जाऊन. लायसन हाय."

आणि त्या माणसानं गाडी चालवली! ओव्हरटेक बेताचा, हॉर्न गरजेपुरता, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. मी मात्र दरवाजाची कड धरून, पाय आखडून, येईल त्या देवाचं नाव घेत बसलेलो. मंठ्याच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा माझी बशी हातात खडखडत होती. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि माझ्या डोक्यात एकदम विचारांची गाडी सुरू झाली. हा माणूस तीस वर्षं वीजघरात राबला. मोठाल्या मशिनी, बंद भिंती, खाली उतरत जाणारे जिने. तिथं हा कधी भ्याला नाही?

"अण्णा," मी म्हटलं, "तुमी तर कशालाच भीत न्हाईत!"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "गल्लीत बोलणार न्हाई ना?"

"आईची आण."

"अकरा वर्षांमागं पोखर्णीहून येताना जीप पलटली. आमी तवा येलदरीच्या कॉलनीत राहत होतो. सुमन खाली, अंगावर चार माणसं, दार चेपलेलं. दोन तासांनी काढलं. हाडं वाचली. पण तवापासून दार लागलं की तिचा श्वास कोंडतो, डायवर. कडी वाजली की हातपाय गार. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. सुमनला त्याची लय शरम वाटायची. लोक म्हणतील, बाईला येड लागलं. मग मी म्हणलं, तू कशाला? भित्रा मी होतो. मला हसू दे लोकांना, मला काय फरक पडतोय?"

"अन् सायकल?"

"मी यष्टीत बसलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, मग बाई का बसत न्हाई? येलदरीहून जिंतूरला राहायला आलो, तवा सामान टेम्पोत अन् आमी दोघं पायी. लोक म्हणले, भाडं वाचवलं. म्हणू दिलं."

मला माझीच लाज वाटली. उन्हात सायकल मारणाऱ्या या माणसाला मी हॉर्न देत होतो. कँटीनमध्ये लोकांना हसवत होतो. आणि वहिनींच्या त्या खाली घातलेल्या मानेचा मी काय अर्थ लावला होता!

"एकाच गोष्टीची भीती हाय मला," अण्णा म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. "उद्या ती गाडीत बसलीच न्हाई तर? म्हातारी तिकडं वाट बघायलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी, आणि अख्खी गल्ली ओट्यांवर. गॅरंटीनं रेसची गाडी आणली म्हटल्यावर कोण घरात बसतंय? अण्णा स्टिअरिंगवर. सुमनवहिनी धुवट साडी नेसून, आईसाठी शिऱ्याचा डबा पोटाशी धरून बाहेर आल्या. गाडीपाशी आल्या. दाराला हात लावला आणि थांबल्या. त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला. डब्याचं झाकण थरथर वाजायला लागलं.

सगळी गल्ली बघत होती. आणि कुणीतरी विचारलंच, "काय वहिनी, भ्या वाटायलंय का?"

अकरा वर्षं जो प्रश्न अण्णांनी दारात येऊ दिला नव्हता, तो आला. अण्णांनी तोंड उघडलं, पण बोलणार काय? ते स्टिअरिंगवर बसलेले, आपणच भितो म्हणायची सोय त्या गाडीनंच घालवली होती. वहिनींचा हात दारावरून सुटायला लागला.

मी रस्त्यावर मधोमध फतकल मारून बसलो आणि बोंब ठोकली. "आरं, त्यांना काय विचारता? मला विचारा! काल मरता मरता वाचलोय मी ह्या गाडीत!"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. मग मी काहीच शिल्लक ठेवलं नाही. चाकाचे नट सांगितले, ढिला नट सांगितला, कापसाचा ट्रक आला तसे दोन्ही हात डोक्यावर घेऊन दाखवले. चहाची बशी कशी खडखडली ते सांगितलं. खरं सांगायचं तर फार नाटक करावं लागलं नाही. गल्ली पोट धरून हसायला लागली. "अठ्ठावीस वर्षांचा बिनअपघाती डायवर म्हणं! स्टिअरिंग सोडून देव आठवला!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी आणखी ओरडत होतो. आणि त्या गलक्यात मला मागून आवाज आला.

खट्.

वळून पाहिलं. सुमनवहिनी गाडीत बसल्या होत्या. दार त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून लावलं होतं. मान वर करून त्या आभाळाकडं पाहत होत्या आणि तोंड उघडून मोठमोठे श्वास घेत होत्या. अण्णा त्यांच्याकडं पाहत होते. डोळे भरलेले.

मी कपडे झटकत जवळ गेलो. अण्णांनी मागची टपाची घडी उचलून माझ्या हातात दिली. "हे तुमच्याकडं ठेवा."

"आभाळ आलंय अण्णा. पाऊस आला तर?"

"भिजू," अण्णा म्हणाले.

वहिनी हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी डिकीवर दोनदा थाप मारली, कंडक्टर डबल बेल देतो तशी, आणि गाडी निघाली.

पुढचे दोन-अडीच तास माझ्या जिवात जीव नव्हता. रस्त्यात फाटक लागलं असेल, ट्रकांच्या मध्ये अडकल्या असतील, श्वास कोंडला असेल. टप मांडीवर घेऊन मी ओट्यावर बसून होतो. शेवटी फोन वाजला. "पोचलो डायवर," अण्णा म्हणाले. "म्हातारी सुमनचं तोंड चाचपायलीय. सोडायलाच तयार न्हाई."

टप अजून माझ्याच घरी आहे. अण्णांना आता गल्लीत सगळे अण्णाच म्हणतात. 'गॅरंटी' हे नाव त्या सकाळपासून माझ्याकडं आलं. डेपोतही पोचलं. कँटीनमध्ये गेलो की चार टेबलांवरून हाक येते, "या गॅरंटी, बसा! हात डोक्यावरून खाली घ्या!"

मी ओ देतो.