काकांना आणू नका

पैशाला फोनवर पैसा म्हणायचं नाही, हे टेलरवहिनींनी नवरा परदेशी गेला त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. घरात फोनची रेंज यायची नाही. ती यायची जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आणि तिसरी पायरी होती बरोबर ऑपरेटरबाईंच्या दारासमोर. ऑपरेटरबाईंनी तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात दुसऱ्यांचे फोन जोडून दिले होते. आता निवृत्त झाल्या होत्या, पण कान काही निवृत्त व्हायला तयार नव्हते.

तेव्हा पैशाला काहीतरी नाव हवं होतं. बराच विचार करून दोघांनी ‘काका’ हे नाव पक्कं केलं. त्याला कारणही तसंच होतं. दोघांच्याही घरात काका नव्हते. एकालाही नाहीत म्हटल्यावर घोटाळा होणार कसा, असा वहिनींचा सरळ हिशेब होता.

नवरा जहाजाच्या गोदीत वेल्डर होता. नऊ वर्षं तिथल्या उन्हात ठिणग्या झेलत त्याने काका वाढवले. वहिनींनी इकडे दोन भाड्याच्या खोल्यांत मशीन चालवून घर चालवलं आणि काकांना हात लावला नाही. सगळा आटापिटा त्या दोन खोल्यांसाठीच होता. वर राहणारे घरमालक त्या विकायला तयार झाले होते. किंमत बेचाळीस लाख, खरेदीखत सोमवारी सकाळी अकरा वाजता. त्या खोल्यांवर एका दाताच्या डॉक्टरचाही डोळा होता. वहिनी चुकल्या तर डॉक्टरची खुर्ची त्यांच्या मशीनच्या जागी बसणार, हे मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. मालक सगळंच स्पष्ट सांगायचे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी रक्कम बँकेतून पाठवायची सोडून रोख कशाला? तर दोन वर्षांपूर्वी बँकेतूनच पाठवली होती, थोडी. वहिनींच्या नावात कुणीतरी एक अक्षर कमी टाइप केलं आणि पैसे एकोणीस दिवस कुठे भटकले ते बँकेलाही सांगता येईना. तेव्हापासून वहिनींचं एकच म्हणणं, “माझ्या नावावर काही पाठवू नका. येताना हातात घेऊन या.” गोदी बंद पडली, हिशेब मिळाला, वेल्डरने तिथलं खातं बंद केलं आणि काका एकदाचे प्रवासाला तयार झाले. गोदी बंद व्हायच्या आधीच वहिनींनी त्याच्यासाठी पोटाला बांधायचा आठ खिशांचा कापडी पट्टा शिवून सुट्टीवरून परतणाऱ्या एका गोदीवाल्याच्या हाती पाठवून दिला होता.

निघायच्या आधीच्या आठवड्यात तिसऱ्या पायरीवर झालेलं बोलणं असं होतं.

“काका किती झाले?”

“कालपर्यंत चौतीस होते. आज हिशेबाचं मिळालं, आता बेचाळीस.”

“छान. मग आता काकांचे दोन भाग करा. अर्धे पोटावर बांधा, अर्धे पाठीवर.”

“आणि घामाने काका भिजले तर?”

“प्लास्टिकमध्ये गुंडाळा की. आणि विमानतळावर कुणी विचारलं तर लपवायचं नाही. काकांचे कागद आहेत ना?”

“सगळे आहेत. फॉर्म पण भरणार आहे.”

दाराआड ऑपरेटरबाई खुर्चीत बसल्या. एका दिवसात आठ वर्षांनी वाढलेला माणूस त्यांनी तेहतीस वर्षांच्या नोकरीत ऐकला नव्हता. दोन भाग करून आणायचा म्हणजे तर फारच झालं. पण कागद व्यवस्थित आहेत म्हणजे खून नसावा, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. एक गोष्ट मात्र पक्की होती, बेचाळीस वर्षांचे कुणी काका इथे राहायला येत होते.

ऐकलेलं बोलायचं नाही, हा खात्याचा नियम ऑपरेटरबाईंनी कधी मोडला नव्हता. त्यामुळे त्या मालकांना काहीही बोलल्या नाहीत. शुक्रवारी सकाळी वर जाऊन त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, “आपली पाण्याची टाकी वहिनींकडचे काका धरून सहा माणसांना पुरेल का हो?”

हा प्रश्न कुणाला विचारावा तर मालकांना. मालक वजनमापाचे निवृत्त निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले होते आणि आता घरातल्या वस्तूंवर त्यांची तीच नजर होती. टाकी त्यांनी पाच माणसांच्या हिशेबाने बांधली होती. ते स्वतः, मालकीणबाई, ऑपरेटरबाई, वहिनी आणि परत येणारा वेल्डर. सहावा माणूस त्या टाकीत बसतच नव्हता.

पाच मिनिटांत मालक वहिनींच्या दारात उभे होते. वहिनी मशीनवर कुणाचा तरी परकर शिवत होत्या.

“वहिनी, काका कोण?” मालकांनी विचारलं.

 वहिनींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. “कोण काका?”

“तुमच्याकडे येताहेत ते. मी खोल्या तुम्हा दोघांना विकतोय. तिसऱ्याला नाही.”

“अहो, ते काका म्हणजे...” वहिनी म्हणाल्या आणि अडकल्या. खरं सांगावं तर नऊ वर्षांची कमाई नवऱ्याच्या पोटाला बांधून उघड्यावर उभी होती आणि ऑपरेटरबाई जिन्यात उभ्या होत्या. “लांबचे आहेत,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“लांबचेच राहू देत. माणूस वयस्कर असला की आंघोळीला दीड बादली जादा लागते. ते येणार असतील तर मी डॉक्टरला होकार देतो. त्यांचे पेशंट चूळ भरण्यापलीकडे पाणी वापरत नाहीत.”

“नाही येणार काका. मी सांगते यांना.”

“आत्ता सांगा. माझ्यासमोर. आणि स्पीकरवर.” खात्री करून घेतल्याशिवाय मालकांनी आयुष्यात कधी शिक्का मारला नव्हता.

झालं. तिसऱ्या पायरीवर वहिनी, त्यांच्या मागे मालक, समोर अर्धवट उघड्या दारात ऑपरेटरबाई. पलीकडे विमानतळाच्या गोंगाटात वेल्डर. या वेल्डरची एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि बायकोने सांगितलेलं तो तंतोतंत करायचा. का, हे विचारायची सवय त्याने पहिल्याच वर्षी सोडली होती. वहिनींना त्याचा हा गुण फार आवडायचा. शुक्रवारपर्यंत आवडायचा.

“अहो ऐका, काकांना आणू नका,” वहिनी म्हणाल्या.

 “अगं, पण काका बांधून तयार आहेत.”

“बांधून?” मालकांनी भुवया वर केल्या.

“सामान बांधून,” वहिनी घाईने म्हणाल्या. “ते काही नाही. आणायचं नाही म्हणजे नाही.”

“मग इथेच सोडून येऊ?”

 “नका हो सोडू. तिथे कुणाच्या भरवशावर?”

“तिकडे आणायचं नाही, इथे सोडायचं नाही. मग करू काय?”

एवढा सोपा प्रश्न या दोघांना सुटत नाही, हे पाहून मालकांना राहवलं नाही. ते फोनकडे वाकून म्हणाले, “पाठवून द्या म्हणावं. जिथे त्यांची नीट सोय होईल तिथे पाठवून द्या.”

“कोण, मालक का?” वेल्डरचा आवाज एकदम अदबीचा झाला. “मालकांना काकांचं माहीत आहे?”

“सगळं कळलंय त्यांना,” वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

“असं होय. मालक म्हणतात पाठवून द्या. बरं. समजलं.”

आणि फोन बंद झाला. मालकांनी समाधानाने मान हलवली आणि ते वर गेले. ते वळणावर दिसेनासे होताच वहिनींनी पुन्हा फोन लावला. कुणी उचलला नाही. तिसऱ्या पायरीवर उभं राहून त्यांनी तासाभरात अकरा वेळा लावला, शेवटी बंदच लागला. विमान वेळेवर निघालं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुठलीतरी गोष्ट वेळेवर झाली आणि ती नेमकी ही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहिनींनी एकही टाका घातला नाही. समजलं म्हणजे काय समजलं? ते मशीनजवळ बसून राहिल्या की आठवायचं आणि उठून चकरा मारल्या तरी आठवायचं. त्यात सकाळी दाताचे डॉक्टर येऊन गेले. ते दारातूनच खोलीकडे बघत होते आणि सोबतच्या माणसाला नळ कुठे बसेल ते दाखवत होते. मशीन ठेवलं होतं तिथेच बसणार होता. एवढी वर्षं ज्या खिडकीखाली बसून त्यांनी सुईत दोरा ओवला, तिच्याकडे वहिनींनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं, आणि डॉक्टरसमोर रडायची त्यांची तयारी नव्हती.

दुपारी दोनला वेल्डर आला. हातात दोन बॅगा, चेहऱ्यावर हसू. तीन वर्षांनी घरी येणाऱ्या नवऱ्याला वहिनींनी आधी बसा म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही. पुढे होऊन दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली. इंच टेप नसतानाही त्यांच्या बोटांना माप कळायचं. काकांसकट अडतीस भरायला हवी होती ती कंबर बत्तीस भरली.

“काका कुठायत?” वहिनींनी विचारलं.

“तूच म्हणालीस ना, आणू नका.”

“मी म्हणाले. पण तुम्ही काय केलंत?”

“मालक म्हणाले तसं केलं. पाठवून दिले. विमानतळावरच काउंटर होतं. मी म्हटलं, मालक स्वतः मागताहेत म्हणजे त्यांना रोख नको असणार, हिशेबी माणूस आहे. तू पाठवलेल्या खरेदीखताच्या मसुद्याच्या झेरॉक्सवर त्यांचं नाव, खातं, सगळं अक्षरन् अक्षर होतं. कंपनीचं पत्र दाखवलं, तिथली मुलगी म्हणाली, उद्या पोचतील. ही बघ पावती. आणि फॉर्मचीही कटकट गेली.” मग बायकोचा चेहरा पाहून त्याने जरा सावधपणे विचारलं, “तसंच करायचं होतं ना?”

वहिनींनी पावती हातात घेऊन दोनदा वाचली. खरेदीखतावर सही नाही, हातात काही लेखी नाही, आणि नऊ वर्षांची ठिणगीन् ठिणगी त्या माणसाच्या खात्यात, जो कालच डॉक्टरला होकार देतो म्हणाला होता. नवऱ्यावर ओरडावं असंही त्यांना वाटेना. सांगितलं तेच त्याने केलं होतं.

जिन्यावर चपला वाजल्या. मालक सावकाश खाली येत होते. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब धरलेला. वेल्डरने पुढे होऊन नमस्कार केला, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“वहिनी,” ते म्हणाले, “माझ्या खात्यात कुणीतरी आलंय.”

वहिनींनी हातातल्या पावतीकडे पाहिलं.

“बेचाळीस लाख. शून्यं मी तीनदा मोजली. खाली निरोप आहे.” मालकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वजनाचा शिक्का वाचावा तसं एकेक अक्षर लावून वाचलं. “काका पाठवले आहेत. सांभाळून घ्या.”

“निरोपाला रकाना होता,” वेल्डर म्हणाला. “रिकामा कशाला सोडायचा.”

मालकांनी एकदा वेल्डरकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. मग त्यांची नजर वेल्डरच्या सपाट पोटावर गेली, आणि बांधून तयार आहेत म्हणजे काय ते त्यांच्या लक्षात आलं. ते चौकटीला टेकले. आयुष्यात एकही खोटं माप त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं, आणि इथे चक्क बेचाळीस लाख आंघोळीच्या बादल्यांत मोजले गेले होते.

“यांना पाणी किती लागतं?” त्यांनी शेवटी विचारलं.

“थेंबभरही नाही,” वहिनी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

“मग माझी हरकत नाही. डॉक्टरला मी आत्ताच फोन करतो. पोचपावती लिहून आणतो, सही शिक्क्यासकट. सोमवारी अकराला तयार राहा.” मालक वळले, पण जायला वाट नव्हती. ऑपरेटरबाई जिन्यात उभ्या होत्या. वेल्डर एकटाच आत आलेला त्यांनी पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. ऐकलेलं बोलायचं नव्हतं, पण विचारायला खात्याची बंदी नव्हती.

“नाही, मी सहज विचारते,” त्या म्हणाल्या. “काका आले का हो?”

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मालकांकडे. मालकांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशावरून एकदा हात फिरवला.

“आले,” ते म्हणाले. “माझ्याकडे उतरलेत.”