मुका सूर

बास गिटार म्हणजे नेमकं काय, हे मष्णूला आपल्या आईलाही कधी पटवून देता आलं नव्हतं. आता ते उचगावच्या देवाप्पांना पटवायचं होतं, आणि पटलं नाही तर त्यांची लेक गुणा मिळणार नव्हती.

देवाप्पांचा निरोप सरळ होता. "पोरगं बेळगावच्या ऑर्केस्ट्रात हाय म्हणं. नोकरी न्हाय. जत्रंत त्यांचा कार्यक्रम हायच. काय वाजवतंय ते ऐकतो, मग पोरीचं बघतो."

मष्णूनं कंबर कसली. कॅम्पातल्या एका बँडवाल्याकडून तो नुकताच मुका सूर शिकला होता. डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, आणि उजव्या हातानं तार छेडायची. सूर निघत नाही, फक्त 'ठक्' होतं. खऱ्या सुरांच्या मधेमधे असे ठक् पेरले की गाणं ठुमकत चालायला लागतं. मेहनत करून काहीही न निघू देण्याची ही कला तोवर बेळगावात फक्त सरकारी कचेऱ्यांनाच साधली होती.

अडचण कर्ण्याची होती. गावच्या कर्ण्यातून बाईचा आवाज शिवेपर्यंत जातो, पण बासचा जाड सूर त्याच्या बारक्या घशातून बाहेरच पडत नाही. 'ठक्' तेवढा पडतो. त्यामुळं पहिल्याच गाण्यात मष्णूचे सगळे खरे सूर मशिनीत अडकले आणि मुके तेवढे गावभर बोलू लागले. कर्णा फणसाच्या झाडावर बांधला होता, आणि झाडाखालच्या मानाच्या बाकावर देवाप्पा बसले होते.

गाणं चालू असतानाच माईकवाले यल्लाप्पा स्टेजवर आले.

"तुझी वायर लूज हाय."

"लूज न्हाय अण्णा. मुद्दाम वाजवायलोय."

"मुद्दाम? माझ्या मशिनीत खरखर मुद्दाम? वाजीव बघू."

मष्णूनं एक भरदार सूर लावला. कर्णा गप्प. मग मुका लावला. कर्णा म्हणाला, ठक्.

"बघ," यल्लाप्पा म्हणाले. "तार दाबलीस की बंद, न्हाय दाबलीस की चालू. उलटी जोडलीया कुणीतरी."

"अण्णा, ती तसलीच कला हाय."

"कला माझ्या मशिनीबाहेर कर. धर हे."

त्यांनी त्याच्या हातात टेस्टर दिला, गिटार काढून ढोलकीवाल्याच्या मांडीवर ठेवली आणि वायर दातांनी सोलली. वायर बदलली, पिन बदलली. पण गिटार आता वाजतच नसल्यामुळं खरखर आपोआप थांबली होती, आणि त्यामुळं यल्लाप्पांना आपलं निदान बरोबर असल्याची खात्री पटली.

"आता कर्ण्याकडची जोडणी. माझा गुडघा धरलाय. चढ तू."

"अण्णा, खाली सासरा बसलाय."

"मग काय, पडलास तर घरच्या माणसावर पडशील. चढ."

मष्णू चढला. अर्ध्यावर त्याची एक चप्पल निसटून देवाप्पांच्या मांडीवर पडली. देवाप्पांनी ती उचलून बाकाखाली नीट ठेवली. वर मष्णूनं घाबरून कसलीतरी वायर ओढली, आणि सगळी जत्रा अंधारात गेली. त्यानं आणखी घाबरून ती परत खुपसली. दिवे लागले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्या रात्री मष्णूच्या वाट्याला आलेली दाद एवढीच.

कार्यक्रम संपल्यावर तो देवाप्पांच्या पाया पडायला गेला, म्हणजे खरं तर चप्पल घ्यायला गेला.

"मामा, खरं म्हंजे मी..."

"सांगू नको. समदं बघितलंय मी. लोकांनी ऑर्केस्ट्रातला म्हणून सांगितलं तवा घोरच लागलाता. गाणंबिणं म्हणतोय का काय. तू तर वायरमन हाईस की."

मष्णूनं यल्लाप्पांकडं पाहिलं.

"माझ्याच हाताखालचा," यल्लाप्पा म्हणाले. "हुशार हाय, पर जरा हट्टी."

"मग राहा आज. हिरीवरची मोटर कालपासनं फिरंना. सकाळी बघून घे, की सुपारी फोडू."

सकाळी विहिरीवर मष्णूनं मोटरीची पेटी उघडली. आत वायरी होत्या, एवढं त्याला कळलं. बाहेर देवाप्पा आणि दोन भाऊबंद उकिडवे बसून बघत होते. काहीतरी करणं भाग होतं, म्हणून त्यानं कुलदैवताचं नाव घेऊन एका वायरीवर बोट नुसतं टेकवलं. दाबलं नाही.

मोटर घुर्रकन सुरू झाली. पाटात पाणी आलं.

"नुस्ता हात लावला बघा," देवाप्पा भावकीला म्हणाले आणि सुपारी आणायला घराकडं निघाले.

गुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या देताना मान खाली घालून म्हणाली, "शेताकडची लाईटच गेल्ती कालपासनं. आत्ता आली. पल्याडच्या मळ्यातली मोटर बी आत्ताच सुरू झाली, ऐका की."

मष्णूला ऐकू आली. त्यानं तांब्या खाली ठेवला. "मामांना सांगणार हाईस?"

"मी कशाला सांगू?" गुणा म्हणाली. "पर दर खेपंला लाईट येळंवर यील असं न्हाय. लग्नाच्या आधी तेवढं वायरीचं काम शिकून घ्या."