दुश्मन दाखवा, सारा न्या

उकंडरावांच्या ओट्यावर बसायचं असेल तर आधी चालून दाखवावं लागे. ओट्यापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून परत ओट्यापर्यंत. उकंडराव खांबाला टेकून तुमची टाच, गुडघा, खांदा न्याहाळत. पाऊल जरा तालात पडलं की संपलंच. "पलटणीतले दिसता. जा, दुसरीकडं बसा." एका सज्जन भटजींना त्यांनी असं उभ्याउभ्या परत पाठवलं. बिचारे नव्या खडावा चावत होत्या म्हणून ताठ चालत होते.

मला त्यांनी तीनदा चालवलं. मी त्यांचा शेजारी. आमचं गाव अकोल्यापासून कोसभर. रोज अकोल्याला जाऊन कचेरीबाहेरच्या चिंचेखाली लोकांचे अर्ज लिहायचे, हा माझा धंदा. सरकारच्या इतक्या जवळ बसणारा माणूस, तेव्हा माझ्यावर संशय अंमळ जास्तच. पण उकंडरावांना लिहिता येत नव्हतं, आणि सरकारशी भांडायचं तर अर्ज लागतो. म्हणून आमचं जमलं.

भांडण फौजेवरून होतं. आमचा वऱ्हाड मुळात इंग्रज सरकारच्या हाती गेला तोच हैदराबादच्या फौजेचा खर्च भागवायला. शेतसारा आम्ही भरायचा आणि त्यावर पलटणी पोसायच्या. एरवी हे कोणाच्या ध्यानातही नसे. पण त्या वर्षांत समुद्रापार कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटेना. सगळे खुशीत होते. उकंडराव नव्हते.

"पंत, आपल्या कापसाले भाव कावून आला?"

"तिकडे लढाई चालू आहे म्हणून."

"अन् आपला सारा जाते कोठी?"

"फौजेकडे."

"म्हंजे लढाईतून आलं अन् लढाईत गेलं. मधात आपण कोण? यात काईतरी डाव हाय."

त्या साली त्यांनी सारा भरला, पण फौजेचा वाटा मागे ठेवून. तो वाटा किती, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. निम्मा. सोबत माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. रस्ते, विहिरी, शाळा, न्याय यांसाठी अर्धा सारा खुशीने देत आहे, उरलेला देत नाही. दुश्मन दाखवा, सारा न्या. ते शेवटचं वाक्य मी गुपचूप गाळलं होतं. त्यांनी अर्ज दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि मला पकडलं.

तहसीलदारांनी बोलावणं धाडलं.

"उकंडराव, फौज तुमच्याच रक्षणासाठी आहे."

"कोनापासून?"

"चोर आहेत, दरोडेखोर आहेत..."

"मांगल्या महिन्यात माया बैल चोरीले गेला. किती तोफा धाडल्या तुमी?"

दारातला शिपाईसुद्धा हसला. उकंडरावांनी वळून त्याचे पाय पाहून घेतले.

मला वाटे, हा सगळा नुसता चिक्कूपणा. तसं मी एकदा बोलून दाखवलं. लगेच त्यांनी नवा अर्ज लिहायला लावला: त्याच पैशांतून रस्त्याकडेला विहीर खोदणार असाल तर दुप्पट देतो. त्याला उत्तर आलं नाही. चिक्कूपणाचा शब्द मी पुन्हा काढला नाही.

मग अकरा शेतकऱ्यांनी माझ्याकडून तसेच अर्ज लिहून घेतले. उकंडरावांनी खूश व्हायचं की नाही? ते घरोघर जाऊन विचारून आले, "कावून देऊन राहिला अर्ज? कोनं पाठवलं तुले?" चौघं जण या चौकशीलाच वैतागून सारा भरून मोकळे झाले.

शेवटी जप्ती आली. त्यांचा कापूस अंगणात ढीग घालून लिलावाला काढला. पण गावातल्या एकाही माणसाने बोली लावली नाही. सगळे हाताची घडी घालून उभे. उकंडराव माझ्या कानाशी लागले, "पंत, कोनीच कावून बोलून नाई राहिलं? मागून स्वस्तात घ्यायचा बेत असंन." माणसं आपल्यासाठी गप्प उभी आहेत, हे त्यांना काही केल्या पटेना. अखेर परगावचा एक व्यापारी कापूस घेऊन गेला आणि सारा वसूल झाला.

त्याच उन्हाळ्यात एलिचपूरकडून निघालेली एक पलटण आमच्या गावाशी मुक्काम करून पुढे गेली. तळ हलल्यावर दिसलं, की पारावर एक शिपाई मागेच पडला आहे. तापाने फणफणलेला, मान वर करवत नव्हती. पटकी असेल म्हणून लोकांनी दारं लावून घेतली. मीही लावलं, खोटं कशाला बोलू? फटीतून पाहिलं, तर उकंडराव त्याला पाठीवर घेऊन घराकडे चालले होते.

दुसऱ्या सकाळी मी ओशाळून गेलो. शिपाई आडवा पडला होता. उकंडराव त्याला ज्वारीची आंबील पाजत होते आणि उलटतपासणीही चालू होती.

"दुश्मन पाह्यला का कदी?"

"नहीं, बाबा. छह बरस से सिर्फ परेड."

आता हे अर्जात घालायला सांगणार, असं मला वाटलं. पण त्यांनी वाटी पुन्हा त्याच्या ओठांशी नेली. "पी. बोलू नोको."

दिलावर त्याचं नाव. महिनाभर राहिला. भिंतीपलीकडून उकंडरावांचं हसणं ऐकू येई, आणि मी दचकत असे, कारण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. चालता-फिरता झाल्यावर तो आपल्या पलटणीकडे निघून गेला.

आठ दिवसांनी उकंडराव माझ्यासमोर येऊन बसले. "लिवा."

मी तहसीलदारांच्या नावाने सुरुवात केली.

"थे नाई. दिलावरले."

"काय लिहू?"

ते अंगठ्याने माती उकरू लागले. त्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. या माणसाने आजवर सरकारखेरीज कोणालाच काही लिहिलेलं नाही, हे मला तेव्हा उमगलं.

"लिवा, आंबील घेत जाय. उनात लय वेळ उभा राहू नोको." मग खाली पाहत म्हणाले, "लिवा, संध्याकायी घर लय मोठं वाटते."

मी लिहिलं.

"नाई, थे खोडा. लिवा, बकरी व्याली."

मी ओळ खोडली आणि बकरीचं लिहिलं. शाई वाळली, कागदाची घडी झाली, तरी ते तिथेच बसून होते. घरी जायची त्यांना काही घाई नव्हती.