कंपनीचा दहावा

आमच्या सातपूरचा मुरलीधर दर संक्रांतीला कंपनीला तिळगूळ द्यायचा. मालकाला नाही, साहेबाला नाही, कंपनीला. वॉचमनने हात पुढे केला की म्हणायचा, "तुझा वेगळा. हा तिचा." आणि गेटच्या खांबावर ठेवून यायचा.

मला म्हणायचा, "दादा, कायद्यानं कंपनी माणूस हाय. जमीन घेती, करार करती, आपल्यावर केस टाकती. मत नाय तिला, पण सरकार ऐकतं कुणाचं? तुझं का तिचं?"

"माणूस असती तर एकदा तरी ताप आला असता," मी म्हणायचो. मी चौथी शिकलेला, त्याच कंपनीत लेथवर जन्म घालवला. जाड पुस्तकं दाखवून मला कुणी गप्प केलेलं नाही.

तो युनियनचा पुढारी. गेटवरच्या भाषणात मालकाला सोडून सरळ शेडकडे बोट करायचा, "बाई, लाज धर! राजा वाईट निघाला तर लोक त्याला बदलतात. तुला कोण बदलणार? तुला मन नाय, मरण नाय!"

मरण आलं. यंदा कंपनी बंद पडली, मशिनं गेली, पाटी उतरली. दहाव्या दिवशी सकाळी मुरलीधर खांद्यावर पंचा टाकून माझ्या दारात.

"चल दादा, रामकुंडावर."

"कोण गेलं?"

"कंपनी."

"येडा झाला का?" म्हणतच मी चपला घातल्या.

गुरुजी म्हणाले, "अहो, कंपनीचा दहावा नसतो."

"कायद्यानं माणूस हाय ती."

मागे दुसरे यजमान खोळंबले होते. गुरुजींनी सुस्कारा टाकला. "गोत्र?"

"माहीत नाय."

"मग काश्यप म्हणा."

पिंड ठेवला. शेजारच्यांचे पिंड कावळ्यांनी कधीच उचलले, आमच्याकडे फिरकेनात. मुरलीधर कासावीस झाला.

"पोरांना दुसरीकडं कामाला चिकटवतो!" कावळा ढिम्म.

"तुझ्या जागेवर टॉवर होऊ देणार नाय!" कावळ्याने मान फिरवली.

"जन्मभर शिव्या घातल्या तिला," मी म्हणालो. "कशाला शिवेल?"

मुरलीधरने हात जोडले. आवाज एकदम खाली आला. "राग नव्हता गं माझा. घरवाली गेल्यावर घरात भांडायला कुणी उरलं नाय. रोज सकाळी तुझ्यासाठीच उठत होतो."

कावळा उतरला. मुरलीधरचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पंच्याने डोळे पुसत होता.

पायऱ्या चढताना मी म्हणालो, "काही म्हण मुरल्या, माणूस नव्हती ती."

"दादा, तुला काय कळतं!"

"मग उद्या सकाळी चहाला ये आणि समजाव. रोज ये. मी काय लवकर ऐकणारा नाय."